विमानाने चाकणला

पिंपळे गुरवहून चाकणला मी रोज कंपनीच्या बसने जातो. नाशिक फाटा, भोसरी, मोशी आणि मग तो चौक, जिथे बस उभी राहते आणि आम्ही झोपतो. या रस्त्याविषयी कुणाला काही सांगावं असं मला कधी वाटलं नव्हतं. पण मागच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी चाकणला विमानाने गेलो. चाकणला विमानतळ होणार, होणार असं आम्ही ऐकत आलो. तो काही झाला नाही. तरी मी तिथे विमानाने उतरलो आणि धडधाकट परत आलो. हा प्रवास पुन्हा कुणाला घडेल असं वाटत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

आधी माझ्याविषयी थोडं सांगायला हवं. माझं गाव उंब्रज, कराडच्या अलीकडे. वडिलांचं तिथे शिवणकामाचं दुकान आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि विमानात बसलेलाही मीच पहिला. इंजिनिअर झालो तेव्हा मला इंग्रजी धड बोलता येत नव्हतं. मुलाखतीत आमच्या शेठनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मराठीत सांग रे, यंत्राला कुठं इंग्रजी येतं?" त्या एका वाक्यावर माझी नोकरी लागली. हे मी विसरलेलो नाही, आणि पुढे जे झालं त्यात ते मला सारखं आठवत होतं.

नाशिक

आम्ही गाड्यांना लागणारे छोटे सुटे भाग बनवतो. मी क्वालिटीत आहे, म्हणजे माल चांगला आहे की नाही ते पाहायचं, आणि नसला तर गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन शिव्या खायच्या. तसा मी नाशिकला शिव्या खायला गेलो होतो. काम संपलं त्या दिवशी शेठचा फोन आला. शेठचं स्वतःचं छोटं विमान आहे. ते स्वतः कराडच्या फाउंड्रीत पूजेला गेले होते, आणि त्यांना आणायला विमान नाशिकहून रिकामं निघणार होतं.

"तू उंब्रजचा ना? मग बसून जा. दसऱ्याला आईच्या हातचं खा."

मी फोनवरच दोनदा वाकून नमस्कार केला. तो त्यांना दिसला नसणार.

विमान पाहून मात्र थोडा हिरमोड झाला. चार सीटचं, नाकावर एकच पंखा, आणि दार आमच्याकडच्या माणसं कोंबून नेणाऱ्या वडाप जीपसारखं आपटून लावायचं. पायलट रेवती मॅडम जळगावच्या. त्यांचे वडील एसटीत कंडक्टर होते. "माझ्याही घरात मीच पहिली," त्या म्हणाल्या. "बाबा म्हणतात, मी जन्मभर घंटी मारली, तू निदान ड्रायव्हर तरी झालीस." त्यांनी विमानाभोवती फेरी मारली, दोन्ही पंखांवर चढून टाक्यांत काठी बुडवली आणि पेट्रोल किती आहे ते स्वतः पाहिलं. मी नाशिकचा चिवडा पुढे केला. उडताना खात नाही म्हणाल्या. मी खातो.

वरून

वरून आपला प्रदेश फार समंजस दिसतो. संगमनेरच्या पुढे डोंगर येतात, मग हिरवे-तपकिरी चौकोन, शेततळ्यांचे चकाकणारे तुकडे. नारायणगावच्या बाजूने निघाल्यावर मॅडमनी भीमा दाखवली, तिच्या काठी राजगुरुनगर. पुढे चाकणच्या शेड दिसायला लागल्या, निळी-पांढरी छपरं, आणि मैदानात ओळीने लावलेल्या नव्याकोऱ्या गाड्या, आगपेटीतल्या काड्यांसारख्या. माझी कंपनी कुठे असेल ते मी शोधत होतो.

तेवढ्यात इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि थांबलं.

कंपनीत राहून एक गोष्ट कळते. यंत्राचा आवाज अचानक बंद झाला की यंत्राकडे पाहायचं नसतं, आधी सुपरवायझरच्या तोंडाकडे पाहायचं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांचा चेहरा अगदी स्थिर होता, म्हणून मी जास्त घाबरलो. त्यांनी एक टाकी बंद करून दुसरी लावली, दांडे मागेपुढे केले, चावी फिरवली. काही नाही. पुढचा पंखा वाऱ्यावर नुसता फिरत होता. त्यांनी रेडिओवर तीनदा 'मेडे' अशी संकटाची हाक दिली आणि मला विचारलं, "तुम्ही इथेच काम करता ना? सपाट जागा कुठे आहे?"

मी मदत करायचा प्रामाणिक प्रयत्न केला. म्हणालो, "मॅडम, चौकातून डावीकडे घ्या, मग पेट्रोल पंप सोडून..."

"चौक कुठला?"

वरून एकही चौक ओळखता येत नव्हता. पाट्या दिसत नाहीत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ओळखता आली ती एकच गोष्ट, नाशिक रस्ता, कारण तो जाम होता. "रस्त्यावर उतरता येईल?" मी विचारलं. त्यांनी खाली पाहिलं. ट्रकला ट्रक लागलेला. "तिथे सायकलसुद्धा उतरणार नाही," त्या म्हणाल्या आणि विमान उजवीकडे वळवलं. त्यांना एक लांब, लालसर पट्टा दिसला होता, नव्या कारखान्यासाठी मुरूम टाकून सपाट केलेला प्लॉट.

उतरणं कसं असतं, ते मला नीट सांगता येणार नाही. विजेची एक तार आमच्या खालून गेली. आम्ही आपटलो, उडालो, पुन्हा आपटलो, टायर फुटला, चिवडा सगळीकडे झाला आणि लाल धुळीत काहीच दिसेनासं झालं. थांबलो तेव्हा माझ्या तोंडात अजून शेंगदाणे होते. मी ते चावले. मग मॅडमना म्हणालो, "थँक यू."

उतरलो ते ठिकाण

धूळ बसली तेव्हा समोर मांडव दिसला. केळीचे खांब, झेंडूची तोरणं, आणि मांडवाखाली नव्या कपड्यांतली माणसं तोंड उघडी टाकून उभी. तो दिवस खंडेनवमीचा होता. शेजारच्या दोन-तीन कारखान्यांनी मिळून मोकळ्या प्लॉटवर पूजा मांडली होती, आणि आम्ही जवळजवळ प्रसादाच्या टेबलापर्यंत गेलो होतो.

सगळ्यात आधी धावत आले ते बबनअण्णा. सत्तरीचे, पांढरी टोपी, गळ्यात उपरणं. तो सगळा प्लॉट पूर्वी त्यांचं शेत होता. आता जमीन कंपनीची, पण मान त्यांचाच. मला वाटलं, विचारतील, लागलं का. त्यांनी विमानात डोकावून विचारलं, "फुलं कुठं हायत?"

"कसली फुलं?"

"टाकायची! वरून टाकायची. इमान कशापायी बोलावलंय मग?"

मागच्या निवडणुकीत कुठल्याशा पुढाऱ्यावर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकली होती. तसंच काहीतरी कारखान्यांनी पूजेसाठी ठरवलं असावं, अशी सगळ्यांची समजूत झाली होती. फुलांशिवायच खाली आलो म्हणून आमच्यावर थोडी नाराजी होती. इंजिन बंद पडलं, आम्ही मरता मरता वाचलो, असं मी सांगितल्यावर अण्णांचा चेहरा बदलला. "आरं माझ्या देवा," ते म्हणाले. मग मागे वळून ओरडले, "चा आना रं! साखर जास्त!"

लोक विमानाकडे धावले. एकाने पंखाला हात लावला आणि मॅडम एवढ्या जोरात ओरडल्या, की इतका वेळ अडवून धरलेली सगळी भीती त्यात बाहेर पडली असावी.

"हात लावू नका! कुणीही हात लावायचा नाही!"

मला बाजूला घेऊन त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांनी शेठना फोन केला होता. शेठनी पहिला प्रश्न 'लागलं का' असा विचारला होता, आणि दुसरा, 'पेट्रोल नीट पाहिलं होतंस ना?' मॅडमनी इंजिनाची दुरुस्ती करून घ्या म्हणून दोनदा सांगितलं होतं, आणि ती दोन्ही वेळा पुढे ढकलली होती. आता इंजिन बिघडलं म्हटलं तर शेठकडे बोट जाणार. पेट्रोल संपलं म्हटलं तर मॅडमकडे, आणि मग त्यांना पुन्हा कुणी विमान देणार नाही. विमान तपासणारे सरकारी अधिकारी मुंबईहून दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते.

"टाकीत पेट्रोल आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पुरावा म्हणून तेवढंच आहे. उद्यापर्यंत ते जसंच्या तसं राहिलं पाहिजे."

मला शेठची ती मुलाखत आठवली. पण मॅडमनी विमान कसं उतरवलं होतं ते मी शेजारी बसून पाहिलं होतं. मी म्हणालो, "राहील."

कसं राहील, ते मला माहीत नव्हतं. अग्निशमनचा बंब आला. त्यालाही झेंडूचा हार होता. आग नाही म्हटल्यावर जवान चहा पिऊन गेले. एक हवालदार आले. त्यांनी विमानाला पुढून-मागून पाहिलं आणि नंबर प्लेट कुठे असते ते विचारलं. त्यांना देवीच्या बंदोबस्ताला जायचं होतं. जाताना मला म्हणाले, "तुम्ही शिकलेले दिसता. लक्ष ठेवा." मला त्याही परिस्थितीत बरं वाटलं.

पिवळी रेघ

गर्दी वाढत होती. गावातून माणसं, शिफ्टवरून सुटलेले कामगार, बायका, मुलं. प्रत्येकाला विमानाबरोबर फोटो हवा होता. मी हात जोडून विनंती केली, मग ओरडलो, मग पुन्हा हात जोडले. काही उपयोग नाही.

मग मला मांडवाशेजारी पिवळ्या रांगोळीचं पोतं दिसलं.

कारखान्यात काम न केलेल्यांसाठी सांगतो. आमच्याकडे जमिनीवर पिवळ्या रेघा असतात. रेघेच्या पलीकडे यंत्र, अलीकडे माणूस. पहिल्या दिवशी नवीन माणसाला हीच एक गोष्ट शिकवतात, आणि ती मोडली तर सगळ्यांसमोर पाणउतारा होतो. मी पोतं उचललं आणि विमानाभोवती, पंखांपासून चांगली लांब, हातभर रुंद पिवळी रेघ ओढत फिरलो. एक वळसा पुरा झाला.

कामगार थांबले. कुणी सांगितलं नाही, कुणी विचारलं नाही. दोनशे-तीनशे माणसं रेघेच्या बाहेर पायांची बोटं टेकवून उभी राहिली. मागून एकाने ढकललं तर पुढचा म्हणाला, "ए भावा, दिसत नाही का? लाइन आहे." गावातल्या बायकांनी ती रांगोळी समजून पाय मागे घेतला. मॅडम माझ्याकडे पाहत राहिल्या. मीही माझ्याकडे जरा आदराने पाहिलं.

पण अण्णा समाधानी नव्हते. "रेघ ठीक हाय," ते म्हणाले. "पण पूजा?"

"पूजा नको, अण्णा."

"आज खंडेनवमी हाय. पार इळा-कोयत्याची पूजा हुती आज. आन् हे येवढं मोठं यंत्र आमच्या दारात आलंय, ते तसंच ठिवायचं?"

"ते बंद पडलंय, अण्णा."

"म्हनूनच! ज्याला बरं न्हाई त्याच्यासाठी न्हाई करायची, मग कुनासाठी करायची?"

मॅडम ठाम होत्या. हळद नको, कुंकू नको, पाणी तर नकोच, आणि पेट्रोल आहे म्हणून दिवा अजिबात नको. अण्णा रुसून मांडवात जाऊन बसले.

तेवढ्यात आईचा फोन आला. "कुठवर आलास?"

"चाकणला आहे."

"विमानानं येणार होतास ना?"

"विमानानेच आलोय, चाकणला."

आईने फोन वडिलांना दिला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "चाकणलाच यायचं होतं तर एसटी काय वाईट होती?" दुकान बंद होतं. सकाळीच त्यांनी शिलाई मशीन पुजून झाकून ठेवलं होतं. मागे एका खंडेनवमीला गावातल्या नवरदेवाचा कोट खांद्यावर उसवला. तो रडकुंडीला आला, त्याचा मामा भांडायला आला, पण वडिलांनी मशीनला हात लावला नाही. पुजलेलं यंत्र दसऱ्यापर्यंत देवाचं. नवरदेव साखरपुड्याला कोटात टाचण्या लावून बसला आणि कुणालाही मिठी मारू शकला नाही.

हे आठवून मी हसतच होतो, तेव्हा मॅडमचा फोन वाजला. बोलून झाल्यावर त्या खाली मुरमात बसल्या. "टोळे साहेब येतायत," त्या म्हणाल्या. "क्रेन आणि मेकॅनिक घेऊन. आजच विमान उचलून नेणार. शेठचा हुकूम."

टोळे साहेब म्हणजे आमचे ॲडमिन मॅनेजर. माझी रजा तेच मंजूर करतात. एकदा विमान त्यांच्या गोदामात गेलं की टाकीत काय होतं आणि काय नव्हतं, ते कोण सांगणार?

"मॅडम," मी म्हणालो, "पूजा करू द्या."

त्यांना वाटलं, माझ्या डोक्याला मार लागला आहे.

"रेघेच्या बाहेरून. पूजा झाली की उद्यापर्यंत त्याला कुणी हात लावणार नाही. आणि लावूही देणार नाही."

त्यांनी गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "दिवा लांब ठेवायचा."

पूजा

रेघेबाहेर पाट मांडला. विमानाचा हार लांब बांबूला बांधून विमानाच्या दिशेने उभा केला. नारळ पार पंधरा-वीस पावलं मागे फोडला. आरती कुठली म्हणायची यावर वाद झाला. कारखान्यात गणपतीची आणि देवीची म्हणतात. कुणीतरी म्हणालं, उडणारं यंत्र आहे, मारुतीची म्हणा. "मारुती इंजिनावर उडत न्हवता," असं अण्णांनी सांगितलं, तरी शेवटी तिन्ही म्हटल्या.

अडचण आली ती लिंबाची. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवतात ते सगळ्यांना माहीत आहे. इथे चाक रेघेच्या आत होतं. अण्णा म्हणाले, लिंबाशिवाय पूजा अपुरी. मॅडम म्हणाल्या, आत कुणी येणार नाही. मग एका कामगाराने रेघेवर उकिडवं बसून लिंबू गोटीसारखं सोडलं. ते अर्ध्यात थांबलं. दुसरं वाकडं गेलं. लोक सल्ले द्यायला लागले, उतार बघ, वारा बघ. कितव्या लिंबाला ते झालं ठाऊक नाही, पण एक लिंबू घरंगळत जाऊन पुढच्या चाकाला टेकलं, आणि विमान सुखरूप उतरल्याबद्दल वाजल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या वाजल्या. मॅडमसुद्धा हसल्या.

टोळे साहेब

टोळे साहेब दुपारी आले, मागे मेकॅनिक आणि क्रेन घेऊन. आमच्याकडे त्या क्रेनला हायड्रा म्हणतात. ती चालवणारा गोविंद लातूरकडचा होता आणि अत्यंत चिडलेला होता.

"चला, उचला," टोळे साहेब म्हणाले आणि रेघेकडे निघाले.

"चपला," कुणीतरी म्हणालं.

"काय?"

"पूजा झालीय, साहेब. चपला काढा. आणि आत जाऊ नका."

टोळे साहेब थबकले. आमच्या कंपनीतली खंडेनवमी दरवर्षी तेच करतात, सोवळं नेसून. त्यांनी पाट पाहिला, हार पाहिला, चाकाजवळचं लिंबू पाहिलं. मग मला पाहिलं. "तू इथे काय करतोयस?"

"रजेवर आहे, साहेब," मी म्हणालो. माझा आवाज बारीक निघाला.

"गोविंद, तू घे रे गाडी पुढे."

गोविंद खाली उतरला. "सायेब, सकाळपास्नं पळवलालाव मला. आज लोकांनी सायकली पुजल्या, अन् माझ्या हायड्राला एक फूल न्हाई. आन् आता म्हनलालाव, पुजलेलं यंत्र उचल. मला पोरंबाळं हायत का न्हाईत?" तो अण्णांकडे वळला. "बाबा, नारळ हाय का आनखी एक?"

अण्णांचा चेहरा उजळला. नारळ होताच. हायड्राच्या तोंडावर हळदकुंकू लागलं, हुकाला हार पडला, आणि गोविंदने चावी काढून देवापुढे ठेवली. मेकॅनिकने हे पाहिलं आणि आपली पान्यांची पेटी गुपचूप पाटाजवळ सरकवली. तिच्यावरही कुंकू पडलं. आता ती उद्याशिवाय उघडता येत नव्हती. हायड्रा प्लॉटच्या तोंडाशीच उभी होती, त्यामुळे टोळे साहेबांची गाडीही आतच अडकली. ती मात्र त्यांनी सकाळी घरीच पुजली होती, असं त्यांनीच उद्वेगाने सांगितलं. "मग चालवली कशी?" असं अण्णांनी विचारलं.

शेवटी टोळे साहेबांनी शेठना फोन लावला. चिडून त्यांचं बोट स्पीकरवर पडलं असावं, किंवा त्यांनी मुद्दामच तो लावला असावा, मला सांगता येत नाही. पलीकडे फाउंड्रीतला ढोल ऐकू येत होता.

"उचललं का?" शेठ म्हणाले.

"शेठ, त्याची पूजा झालीय."

"कुणी केली?"

टोळे साहेबांनी गर्दीकडे पाहिलं. "सगळ्यांनीच."

"मग काय झालं? मालक मी आहे," असं शेठ म्हणायला लागले, आणि मध्येच थांबले. त्यांच्याही बाजूला त्यांचे कामगार उभे होते, हे ढोल थांबल्यावर कळलं. मग त्यांनी विचारलं, "लिंबू ठेवलं?"

"ठेवलं, शेठ. चाकाला लागून."

"बरं," शेठ म्हणाले. त्यांचा आवाज थकल्यासारखा झाला होता. "मग उद्याच बघा."

त्या रात्री आम्ही अण्णांकडे जेवलो. टोळे साहेबही होते, कारण त्यांना जाता येत नव्हतं. पुरणपोळ्या आमच्याकडच्यापेक्षा जाड आणि दूध भांडंभर. उंब्रजला आम्ही कटाची आमटी पोळीबरोबर खातो. इथे ती वाटीने पितात, आणि पाहुण्याची वाटी रिकामी दिसली तर घरातल्या बायकांना अपमान वाटतो. टोळे साहेबांच्या चार वाट्या झाल्या. विमानाकडे माणसं पाळीपाळीने बसली होती. ओव्हरटाइम मिळणार का, असं एकाने मला विचारलं. मी नाही म्हणालो. तरी तो बसला.

दसरा

सकाळी अधिकारी आले, दोघे. त्यातले मोठे दक्षिणेकडचे होते, चष्मा, बारीक शरीर, मोजकं बोलणं. ते पिवळ्या रेघेशी येऊन थांबले. रेघेभोवती एक पूर्ण फेरी मारली. ती कुठेही पुसली नव्हती. बाहेर शेकडो पायांचे ठसे, आणि रेघेवर एकही नाही. त्यांनी तिचे चारी बाजूंनी फोटो काढले.

"ये किसने किया?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला, शाळेत करतात तसा.

"रात में कोई अंदर गया?"

"नाही!" एवढ्या लोकांनी एकदम उत्तर दिलं की ते दचकले.

तरी ते रेघ ओलांडेनात. पाट, हार, लिंबू पाहून त्यांना काय करावं कळत नव्हतं. अण्णा पुढे झाले आणि त्यांना ठाऊक होती तेवढ्या हिंदीत म्हणाले, "जाव सायेब, जाव. कल नवमी था, कल न्हाई जाना था. आज दसरा है. आज रेघ वलांडनेकाच दिन है."

अधिकाऱ्यांनी बूट काढले. तसं करायची गरज नव्हती; ते म्हणाले असते तर कुणी अडवलं नसतं. मोज्यांनी मुरमातून चालत ते विमानापाशी गेले. मॅडम रेघेबाहेरच उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हातांनी आपलेच कोपर घट्ट धरले होते. टोळे साहेब त्यांच्या शेजारी होते आणि मी टोळे साहेबांच्या.

अधिकाऱ्यांनी पंखाखाली वाकून एक काचेची नळी लावली आणि ती उन्हात धरली. नळी निळी झाली होती, शाईसारखी निळी. मग ते दुसऱ्या पंखाकडे गेले. तीही निळी. विमानाचं पेट्रोल निळं असतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. वर चढून त्यांनी दोन्ही टाक्यांत काठी बुडवली, आणि काठीकडे पाहत सोबतच्या माणसाला आकडे सांगितले.

"पेट्रोल हाय का न्हाई?" अण्णांना धीर धरवेना.

"है," ते म्हणाले. "काफ़ी है. दोनों में."

इंजिन का बंद पडलं ते उघडल्यावरच कळेल, आणि त्याला महिने लागतील, हे त्यांनी नंतर सांगितलं. पण तेव्हा ते ऐकायला कुणी जागेवर नव्हतं. लोक एकमेकांना मिठ्या मारत होते, जणू पेट्रोल त्यांच्याच घरचं होतं. गोविंदने देवापुढची चावी उचलली आणि हायड्राचा हॉर्न लांबलचक वाजवला.

मॅडमनी टोळे साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खिशातून फोन काढला, शेठचा नंबर लावला, आणि तो वाजायला लागल्यावर फोन मॅडमच्या हातात दिला.

"तूच सांग," ते म्हणाले.